सोडतीत निघालेले दोन देश

महासागरातल्या फुनाफुती बेटावर विमान रोज येत नाही. येतं त्या दिवशी आधी आगीच्या बंबाचा सायरन वाजतो, आणि तो वाजवायचं काम बरीच वर्षं सेलुटाकडे होतं. नुसता सायरन वाजवून भागत नसे. हवाईपट्टी म्हणजे अख्ख्या गावाचं अंगण. तिथे व्हॉलीबॉल खेळणारी पोरं, चटई टाकून वाऱ्याला पडलेली म्हातारी माणसं, कुणाचं तरी सुटलेलं डुक्कर, सगळ्यांना बाजूला काढायचं असे. बंबातून डोकं बाहेर काढून ती एकेकाला नावानिशी हाका मारायची. "लिटोकाका, उठा आता! पायलटला तुमचं घोरणं ऐकू जाईल, इंजिन बिघडलं म्हणून तो परत फिरेल!"

बाहेर असा खणखणीत आवाज, पण घरात ती फारसं बोलत नसे. बोलायचं काम तिचा नवरा किलिफी करायचा. घरासमोरच्या नीरफणसाच्या झाडाखाली त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक ताडपत्री, दोन खोकी आणि दिवसभर बसून गप्पा मारणारी माणसं. बेटावरची निम्मी वाहनं त्याच्या हाताखालून गेलेली. इंजिन सुरू झालं की तो मान तिरकी करून ऐकायचा आणि मगच पाना हातात घ्यायचा.

त्यांना तीन मुलं. थोरली पुआफितू सात वर्षांची, मधला तेआका पाचाचा आणि रांगणारी लागी. पुआफितू दोन वर्षांची असताना तिला तापाने घेरलं, कान फुटून वाहू लागले, आणि बरी झाली तेव्हा एका कानाने काहीच ऐकू येत नव्हतं, दुसऱ्याने अगदी थोडं. सायरन वाजला की ती पोटावर हात ठेवायची. तो तिला तिथे ऐकू यायचा.

तिला बोलतं केलं ते तिच्या आजोबांनी, सेलुटाच्या वडिलांनी. तागिफोए तरुणपणी दूरच्या नौरू बेटावर खाणीत कामाला होते. तिथल्या बंदरात खाली उभं राहून वरच्या क्रेनवाल्याला हातांनी इशारे करायचं त्यांचं काम. वर घे, खाली सोड, सावकाश, थांब. आवाजाचा काही उपयोग नव्हता तिथे, इतका कल्लोळ. तेच इशारे त्यांनी नातीला शिकवले. मग नातीने त्यात स्वतःची भर घातली: भात, डुक्कर, शू, खोटारडा. बघता बघता घरात सगळे हातांनी बोलू लागले, आणि दुकानात बसणाऱ्या रिकामटेकड्यांनाही निम्मं कळू लागलं.

त्या वर्षी न्यूझीलंडच्या सोडतीत त्यांचं नाव निघालं. बायकामुलांसकट कायमचं जाऊन राहायची परवानगी. लोक वर्षानुवर्षं नाव टाकतात आणि निघत नाही. त्याचा आनंद ओसरला नाही तोच ऑस्ट्रेलियाच्या सोडतीतही त्यांचंच नाव निघालं.

झाडाखाली त्या दिवशी कुणाचीच मोटरसायकल दुरुस्त झाली नाही.

"देवाने चष्मा लावला नव्हता," लिटोकाका म्हणाले. "एकच नाव दोनदा वाचलं."

"एक देश आम्हाला देऊन टाक ना रे किलिफी," दुसरा म्हणाला. "तुला दोन काय करायचेत? एकात राहशील आणि एकात डुकरं ठेवशील?"

किलिफी हसत होता. त्याच्या मनात प्रश्नच नव्हता. त्याचा थोरला भाऊ वावाए ऑकलंडला स्थायिक होऊन जमाना झाला होता. तिथे त्यांच्या बेटाची पुष्कळ घरं होती, चर्च होतं, लहान मुलांची शाळासुद्धा आपल्या भाषेतली. शिवाय वावाएने आपल्या ओळखीच्या एका गॅरेजमध्ये किलिफीसाठी जागा धरून ठेवली होती. ऑस्ट्रेलियात होती फक्त सेलुटाची चुलतबहीण मालिया, ब्रिस्बेनच्या एका टोकाला. तिथे नोकरी आधी हातात असायची अट नव्हती, एवढीच काय ती त्या देशाची बाजू.

सेलुटालाही ऑकलंडच बरं वाटत होतं. तोवर.

रविवारी चर्चहून आल्यावर वावाएचा फोन यायचा. त्या रविवारी चटईवर मध्ये फोन ठेवून सगळे भोवती बसले होते.

"घरात खोली रिकामी करून ठेवलीय," वावाए सांगत होता. "थंडी आहे, खोटं कशाला बोलू. पण तुझी वहिनी आत्तापासून गोधड्या जमवतेय. एकच गोष्ट आहे, किलिफी. पोरीच्या कानाचं. मी इथे चौकशी केली. तपासण्या मागतील, डॉक्टरांचं मत मागतील. नाही म्हणतील असं नाही, पण वेळ लागेल. आणि गॅरेजचा मालक काही थांबायचा नाही."

"मग?"

"मग काय, तुम्ही चौघं पुढे या. पुआफितूला आजी-आजोबांकडे ठेवा. वर्षभरात बोलावून घेऊ. म्हाताऱ्याचा जीव आहे तिच्यावर, तोही खूश."

यात वावगं काहीच नव्हतं. त्या बेटांवर मूल नातेवाइकांकडे वाढणं ही रोजची गोष्ट आहे. कितीतरी जण अभिमानाने सांगतात की मला दोन आया आहेत. किलिफीने मान डोलावली. सेलुटाची आई म्हणाली, "राहील की, माझ्या हाताखाली राहील." पुआफितू समोरच बसून तेआकाच्या कानात गवताची काडी घालत होती. आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळलं नाही.

सेलुटा उठून लागीला घेऊन बाहेर गेली.

ती स्वतः पाच वर्षांची असताना तिचे आईबाप नौरूला गेले होते. दोन धाकट्या भावांना घेऊन गेले आणि तिला वाइतुपू बेटावर आत्याकडे ठेवलं. आत्याने मायेने वाढवलं, मासळीचा चांगला तुकडा आधी तिला वाढला. ते वर्षभरासाठी म्हणून गेले होते. परत आले तेव्हा सेलुटा आईच्या खांद्याला लागत होती, आणि भाऊ आपसात तिला न कळणारे विनोद करत होते. याबद्दल तिने कधी कुणाकडे तक्रार केली नव्हती. किलिफीकडेही नाही.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांबरोबर पुलाकाच्या खड्ड्यात उतरली. पुलाका म्हणजे अळूसारखाच, पण मांडीएवढ्या जाड कंदाचा. जमिनीत खोल खड्डा खणून त्याच्या तळाशी लावतात. तागिफोएंच्या खड्ड्यात एका अंगाला खारं पाणी वर आलं होतं, तिथली पानं पिवळी पडलेली. उरलेल्या रोपांभोवती ते पालापाचोळा रचत होते. सेलुटा पाचोळ्याची टोपली त्यांच्या हातात देत होती. बराच वेळ दोघं तसेच काम करत राहिले.

"बाबा, मला तुम्ही मागे का ठेवलंत?" तिने विचारलं.

"मागे?" तागिफोएंना आधी कळेचना. "कुठे मागे?"

"वाइतुपूला. तुम्ही सगळे गेलात तेव्हा."

ते सरळ उभे राहिले. हात चिखलाने भरलेले, ते तसेच अंगापासून दूर धरून. "अगं, मागे कसलं! तुला चांगल्या जागी ठेवलं. नौरूला काय होतं? पांढरी धूळ. एका खोलीत आम्ही सगळे. तुझी आई म्हणाली, एकीला तरी ताजं खायला मिळू दे, मोकळ्या हवेत वाढू दे. कुणाला ठेवायचं? मी म्हटलं, सेलुटाला. लाडकी होतीस तू माझी."

सेलुटा टोपलीत बघत राहिली. "मला वाटायचं, बोटीत एक जागा कमी पडली, म्हणून मला उतरवलं."

"कुणी सांगितलं तुला असं?"

"कुणीच काही सांगितलं नाही. म्हणून मला जे वाटलं ते वाटलं." मग ती म्हणाली, "आणि पुआफितूला तर सांगितलं तरी ऐकू जायचं नाही."

तागिफोए खाली वाकले, पाचोळा दाबू लागले. दाबून झालेलाच पुन्हा दाबत होते.

"तुम्ही सांगा बाबा, काय करू?"

"मला विचारू नकोस," ते मान वर न करता म्हणाले. "मला विचारलंस तर मी म्हणेन, ठेव. माझ्याजवळ ठेव. म्हणून मला विचारू नकोस."

त्या संध्याकाळी हवाईपट्टीवर नेहमीसारखी गर्दी होती. सेलुटा आणि किलिफी एका कडेला बसले होते, मुलं समोर चेंडूमागे धावत होती.

"ब्रिस्बेनला जाऊ," सेलुटा म्हणाली.

किलिफीला वाटलं ती गंमत करतेय. "ब्रिस्बेनला आहे कोण? तुझी मालिया? ती फोन तरी उचलते का?"

"उचलते. तू तिच्या झोपेच्या वेळी करतोस. रात्रपाळी असते तिला."

"ऑकलंडला दादा आहे, गॅरेज आहे, रविवारी आपली माणसं आहेत. तिकडे मी काय करणार? रस्त्यावर उभा राहून मोटरसायकली मोजू?"

"ते लोक पाचही जणांना एकदम घेतायत. कानाचं काही विचारत नाहीत. मालियाने विचारून सांगितलंय."

"बरं, आणि शाळा? हातांनी बोलायला ऑकलंडलाही शिकवतात. दादा म्हणत होता, दोन्हीकडच्या खुणा बऱ्याचशा सारख्याच असतात."

"मग शाळेचा प्रश्न मिटला. प्रश्न एवढाच की आपण पाचही जण कुठल्या विमानात बसतो."

"अगं, वर्षभराचा तर प्रश्न आहे!"

"माझ्या आईबाबांचंही वर्षभराचंच होतं."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे वाक्य किलिफी पहिल्यांदाच ऐकत होता. त्याने विषय बदलला, आणि मग पुढचे कित्येक दिवस दोघं जेवणखाण आणि मुलं याखेरीज काही बोलले नाहीत. भांडण नव्हतं. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, आणि तेच अवघड होतं.

मग एका सकाळी किलिफीने ठरवलं, पुआफितूला आपणच समजावून बघावं. समजली, राजी झाली, तर सेलुटाचंही मन वळेल. झाडाखाली गिऱ्हाइकं बसलेली होती. त्याने पोरीला समोर उभं केलं. बोट स्वतःकडे केलं, सेलुटाच्या चपलांकडे केलं, तेआका आणि लागी दाखवले, मग हाताचं विमान करून उडवलं. पोरगी खुशीत हसली आणि तिने बोट स्वतःच्या छातीवर ठेवलं: मी?

तू नंतर, असं त्याला सांगायचं होतं. पण आजोबांच्या इशाऱ्यांत 'नंतर' नव्हतं. क्रेनच्या खाली उभ्या माणसाला 'नंतर' लागत नाही. त्याला 'थांब' लागतं. किलिफीने थोडा विचार केला आणि तोच इशारा केला. हात आडवा, तळवा खाली. थांब.

पुआफितूने मान डोलावली. समजलं.

त्याला हायसं वाटलं. मग कुणाची तरी साखळी तुटलेली आली, ती बसवली, हात धुवायला तो मागच्या टाकीकडे गेला, तिथे शेजाऱ्याशी दोन गोष्टी झाल्या. परत आला तर पुआफितू तिथेच उभी. त्याने जिथे उभी केली होती तिथेच. पाय जुळवलेले, हात बाजूला. ऊन सरकून तिच्या तोंडावर आलं होतं आणि ती डोळे बारीक करून त्याच्याकडे बघत होती.

"अरे, मघापासून हलली नाही ती," लिटोकाका म्हणाले. "तेआका खेळायला ओढत होता तरी गेली नाही. काय सांगितलंस तिला?"

किलिफीने पटकन दुसरा इशारा केला, सुटलीस म्हणून, तशी ती उड्या मारत पळाली. तो मात्र खोक्यावर बसला आणि हातातला फडका नुसता चुरगाळत राहिला. गिऱ्हाइकंही मग एकेक करून उठली.

दुपारी सेलुटा कामावरून आली. तो म्हणाला, "दादाला मी सांगतो. तू मध्ये बोलू नकोस."

ती मध्ये बोलली नाही. रविवारी ती फोनपासून दूर, दाराशी लागीला मांडीवर घेऊन बसली.

"दादा, आम्ही ऑस्ट्रेलियाला जातोय."

वावाए म्हणाला, "मी त्या मालकापुढे हात जोडले रे तुझ्यासाठी. पोरगी मला जड होती असं वाटलं का तुला?"

"नाही दादा. तू जड म्हणालाच नाहीस. तू नंतर म्हणालास. मला तिला नंतर सांगताच येईना."

"म्हणजे काय?"

किलिफीने सांगायचा प्रयत्न केला, पण झाडाखालची ती गोष्ट फोनवर सांगताना फार लहान वाटली. वावाए म्हणाला, "बरं. तुमची मर्जी," आणि फोन ठेवला. पुढचे काही रविवार फोन आला नाही. किलिफी तरीही चर्चहून आल्यावर फोन चटईवर मध्ये ठेवायचा.

निघायच्या दिवशी सायरन दुसऱ्या कुणीतरी वाजवला. सेलुटाला तो नीट वाजवला नाही असं वाटलं, आणि तसं तिने त्याला सांगितलंही. गळ्यात फुलांच्या माळा इतक्या पडल्या होत्या की लागी त्यात दिसेनाशी झाली. आईने केवड्याच्या पानांच्या दोन चटया बांधून दिल्या. तागिफोए पुआफितूला कडेवर घेऊन उभे होते. सात वर्षांची पोर, पाय लोंबत होते तरी खाली सोडत नव्हते. शेवटी सेलुटाने हात पुढे केले. "बाबा, द्या," ती म्हणाली. त्यांनी दिली. मग सेलुटाच्या डोक्यावर आपला मोठा, खरखरीत हात ठेवून म्हणाले, "सगळ्यांना नेतेस, बरं करतेस."

ब्रिस्बेन सोपं गेलं नाही. मालियाच्या घरी पहिले काही महिने पाचही जण एका खोलीत झोपले. किलिफीला कोंबड्या कापून पाकिटात भरायच्या कारखान्यात काम मिळालं. तिथे इतकी थंडी की संध्याकाळी त्याची बोटं आखडलेली असत. सेलुटा ती कोमट पाण्यात धरून बसायची. इंजिनाला त्याने कितीतरी दिवस हात लावला नाही. ऑकलंडच्या गॅरेजचं तो कधीच बोलून दाखवत नसे, पण रस्त्यात एखादी जुनी मोटरसायकल धडधडत गेली की मान आपोआप तिरकी व्हायची.

तिला वृद्धांच्या एका निवाऱ्यात कपडे धुवायचं काम लागलं. तिथल्या कमी ऐकू येणाऱ्या म्हाताऱ्यांना तिचा आवाज फार आवडला. जेवणाची वेळ झाली की व्यवस्थापकबाई तिलाच हाका मारायला सांगू लागल्या.

पुआफितू शाळेत गेली तेव्हा तिचे क्रेनचे इशारे तिथे कुणाला कळेनात. पहिले काही दिवस ती घरी येऊन रुसून बसायची. मग तिथल्या खुणांवर तिची बोटं सुटली. इतकी भरभर सुटली की आईला पाठलाग करता येईना. सेलुटा दर शनिवारी पालकांसाठीच्या खुणांच्या वर्गाला जाऊ लागली. घरी आल्यावर पुआफितू तिची बोटं धरून सरळ करायची आणि जिभेने 'च्' करायची, अगदी तिच्या आजीसारखी. तेआकाचं मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आजवर बहिणीच्या वतीने बोलणं हे त्याचं काम होतं, ते गेलं. तो शाळेत मारामाऱ्या करू लागला. घरात काही विचारलं की तो इंग्रजीत उत्तर देई, आणि शाळेत विचारलं की आपल्या भाषेत. त्याला ताळ्यावर आणायला बरेच महिने लागले. किलिफीने त्याला दर रविवारी बरोबर नेऊन, शेजाऱ्याचं गवत कापायचं बंद पडलेलं यंत्र खोलायला बसवलं तेव्हा कुठे तो जरा निवला. यंत्र सुरू झालं. मग शेजाऱ्याच्या मेहुण्याचंही यंत्र आलं, मग एक मोटरसायकल. कारखाना सुटला नाही, पण शनिवार-रविवार मालियाच्या घरामागच्या अंगणात पुन्हा खोकी मांडली गेली.

नाताळच्या सुट्टीत, आधी न कळवता, वावाए बायकोमुलांसह ऑकलंडहून आला. दारात उभा राहून म्हणाला, "उकाड्याने मेलो. हा काय देश आहे!"

"ये दादा," किलिफी म्हणाला. एवढंच. दोघांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, त्या जरा जास्तच जोरात होत्या.

जेवताना वावाएची बायको सेलुटाला म्हणाली, "अगं, त्या गोधड्या अजून पडून आहेत माझ्याकडे. काय करू त्यांचं?"

"पाठवा," सेलुटा म्हणाली. "इथेही जूनमध्ये थंडी पडते."

वावाए तेवढ्यात मागच्या अंगणात एका उघड्या इंजिनापुढे जाऊन बसला होता. किलिफी त्याला काहीतरी दाखवत होता. वावाए म्हणाला, "तुझी जागा तिकडे होती किलिफी, मी अजूनही म्हणतो."

सेलुटा खिडकीशी भांडी घासत होती. किलिफी काय उत्तर देतो ते ऐकायला तिने नळ बंद केला.

"असेल," किलिफी म्हणाला. "तो पाना दे जरा."

तिने नळ पुन्हा सोडला आणि उरलेली भांडी घासायला घेतली.